पाहिलेले, ऐकलेले, वाचलेले – वहीत उतरेल तेवढेच आपले



शहाणपण कशाने येते हे सांगणारा एक जुना श्लोक आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केला आहे. देश पाहावा, जाणत्यांशी मैत्री करावी, सभेत जाऊन बसावे आणि ग्रंथ वाचावेत, असा त्याचा अर्थ. श्लोक जुना असला तरी त्यातल्या चारही वाटा आज सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या दाराशी आल्या आहेत. केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ सालापासून चालू आहे. मोहोळला कृषी विज्ञान केंद्र आहे. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ १९६० साली स्थापन झाला, त्याच्या वार्षिक अधिवेशनाला आपल्याकडून गाड्या भरून माणसे जातात. शिवार फेरी, मेळावा, अभ्यास सहल, प्रदर्शन यांतले काही ना काही वर्षभर चालूच असते.

आणि वाचनाचे म्हणाल, तर कृषी खात्याचे ‘शेतकरी’ मासिक आहे, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘कृषिदर्शनी’ आहे, द्राक्षवाल्यांचे ‘द्राक्षवृत्त’ आहे, रोजचे ‘अॅग्रोवन’ आहे. शिवाय हातातल्या मोबाईलवर दिवसाला दहा सल्ले येऊन पडतात.

एवढे सगळे असून एक प्रश्न उरतोच. मेळाव्याला गेलेला माणूस संध्याकाळी घरी येतो. घरचे विचारतात, “काय सांगितलं?” तो म्हणतो, “लई चांगलं सांगितलं.” “म्हंजे काय?” “आता सगळं कुठं ध्येनात राहतंय?” दिवस गेला, भाडे गेले, रोजगार बुडला आणि घरी आली ती एक कापडी पिशवी आणि चार रंगीत कागद.

विस्ताराच्या नोकरीत मी हे वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. म्हणून आज पीक, खत, औषध बाजूला ठेवून एका साध्या वस्तूविषयी लिहितो. ती वस्तू म्हणजे वही.

ही मागणी आजची नाही

शेतकऱ्याने बाहेर पडावे, पाहावे, शिकावे ही गोष्ट आजच्या अधिकाऱ्यांनी शोधून काढलेली नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात शेतकऱ्याच्या दैन्याचे वर्णन आहे, तसे उपायही आहेत. शेतीची प्रदर्शने भरवावीत, चांगले पीक काढणाऱ्यांना बक्षिसे द्यावीत, हुशार शेतकऱ्यांच्या मुलांना परदेशातील शेतकी शाळा पाहायला पाठवावे, असे त्यांनी तेव्हा सुचवले होते. आज प्रदर्शनेही भरतात आणि शेतकरी परदेशालाही जाऊन येतात. जोतीरावांना जे हवे होते त्यातला पाहण्याचा भाग पुष्कळसा झाला. पाहिलेले घरच्या शेतात उतरवण्याचा भाग मात्र आपल्यावरच आहे.

नजर आणि खूण

आपल्या जिल्ह्याची ज्वारीची ओळख म्हणजे मालदांडी. मालदांडी ३५-१ हा वाण १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडून काढला. तो कुठून परदेशातून आणला नव्हता. आपल्याच शिवारातली कणसे होती. चांगली कोणती ते पाहिले, वेगळी ठेवली, पुन्हा पेरली, पुन्हा पाहिली आणि मांडून ठेवले. एवढ्या वर्षांनीही ती ज्वारी आपल्या भाकरीत आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या मुळाशीही हीच जपणूक आहे.

द्राक्षाचेही तसेच. थॉमसन सीडलेस ही जात बाहेरची. पण तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी तिच्यातून ‘तास-ए-गणेश’ निवडली. आपल्या उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नजचे नानासाहेब काळे यांनी लांबट मण्यांची ‘सोनाका’ पुढे आणली, नंतर काळ्या द्राक्षातली ‘शरद सीडलेस’ दिली. हजारो बागाईतदार रोज वेलीखालून फिरतात. एखादी काडी वेगळी दिसते, सगळ्यांनाच दिसते. पण जो तिला खूण करतो, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच काडीपाशी जाऊन पाहतो, त्याच्याच हाती वाण लागतो. नुसते दिसणे आणि नोंद ठेवून पाहणे यांत एवढा फरक आहे.

दूरचे एक उदाहरण सांगतो, कारण ठिबक आज आपल्या प्रत्येक गावात आहे. इस्रायलमधील सिमखा ब्लास या पाणी-अभियंत्याला एका शेतकऱ्याने एक झाड दाखवले. आजूबाजूची झाडे खुरटलेली आणि हेच एक मोठे झालेले. खाली पाहिले तर नळीचा जोड थेंब थेंब गळत होता. ही १९३० च्या दशकातली गोष्ट. ब्लास यांनी ती मनात ठेवली, पुढे प्रयोग केले आणि १९६५ साली हात्झेरिम या वसाहतीबरोबर ठिबकचा कारखाना उभा राहिला. गळका नळ पाहून आपण काय करतो? चिंधी बांधतो. चिंधी बांधावीच, पण झाड का वाढले तेही विचारावे.

मंगळवेढ्याकडची एक हकीकत

आता न लिहिण्याची, न विचारण्याची किंमत किती पडते तेही सांगतो. नाव सांगत नाही, कारण त्यात त्या घराचा दोष काढायचा नाही.

मंगळवेढ्याकडचा एक मेहनती शेतकरी. जमीन काळी, खोल, ज्वारीची. चार जणांबरोबर तो डाळिंबाच्या बागा पाहायला गेला. माळरानावरची बाग, लाल फळांनी लगडलेली. मालकाने एकरी आकडा सांगितला आणि यांचे डोळे दिपले. घरी येऊन तीन एकर डाळिंब लावायचे ठरले. घरधनीण म्हणाली, “अवो, त्यांची जमीन आपल्यावाणीच हाय का?” तो म्हणाला, “जमीन ती जमीनच की. तुला त्यातलं काय कळतंय?”

बाई बरोबर विचारत होती. डाळिंबाला हलकी ते मध्यम, पाण्याचा निचरा होणारी जमीन मानवते. खोल काळ्या जमिनीत पाऊस लागून राहिला की मुळ्या पाण्यात बसतात, झाडे पिवळी पडतात आणि मर लागते. या बागेचे तेच झाले. पहिली दोन वर्षे झाडे जोमदार दिसली. तिसऱ्या वर्षी पाऊस जास्त झाला आणि ओळीच्या ओळी वाळल्या. सोसायटीचे कर्ज अंगावर राहिले, बाईच्या अंगावरचे दोन दागिने गहाण पडले आणि तीन वर्षे त्या जमिनीत ज्वारी नाही म्हणून कडबाही विकत घ्यावा लागला.

त्या सहलीला गेलेल्या कोणीही “ही जमीन किती खोल आहे, खाली मुरूम किती हातांवर आहे?” एवढे विचारून लिहून घेतले असते, तर घरी आल्यावर बाईच्या प्रश्नाला उत्तर मिळाले असते. बागेचा मालक खोटे बोलला नव्हता. त्याने आपल्या माळावरचे खरे सांगितले होते. दुसऱ्याचे खरे आपल्या रानात खरे ठरेलच असे नसते, एवढाच याचा अर्थ.

वहीत काय लिहावे? – सात ओळी

वही साधी, दोनशे पानांची, पुठ्ठ्याची असावी. सुटे कागद हरवतात. प्रत्येक ठिकाणी खालील सात गोष्टी विचाराव्यात आणि सात ओळीत लिहाव्यात.

पहिली ओळ जमिनीची. हलकी, मध्यम की भारी? किती खोल? चुनखडी आहे का? उतार कसा?

दुसरी ओळ पाण्याची. विहीर, बोअर, कालवा की शेततळे? उन्हाळ्यात किती पाणी राहते? उजनीच्या कालव्याखालची शेती आणि सांगोल्याच्या माळावरची शेती एकाच मापाने मोजू नका. ठिबकवाला “रोज एक तास देतो” म्हणाला तर तेवढ्यावर थांबू नका. झाडाला ठिबकची किती तोंडे, एका तोंडातून तासाला किती लिटर, हे विचारा. चार लिटरची दोन तोंडे असतील तर तासाला आठ लिटर, चार असतील तर सोळा लिटर. तास एकच, पाणी दुप्पट.

तिसरी ओळ तारखेची. पेरणी, छाटणी, बहार, फवारणी कधी केली? “दसऱ्याच्या आसपास” असे लिहू नका, तारीख लिहा. सणाची तिथी दरवर्षी पुढेमागे होते.

चौथी ओळ वाणाची आणि रोप-बियाणे कुठून आणले त्याची.

पाचवी ओळ माणसांची. घरची किती माणसे राबतात, मजूर किती लागतात, कोणत्या महिन्यात लागतात?

सहावी ओळ पैशाची. इथे तीन शब्दांत गल्लत होते, ती सांभाळा. उत्पादन म्हणजे माल किती निघाला. उत्पन्न म्हणजे त्याचे पैसे किती आले. आणि नफा म्हणजे खर्च जाऊन उरले किती. सभेत बहुतेक आकडे उत्पन्नाचे असतात. समजा, साडेचार मीटर बाय तीन मीटरवर लावलेल्या एका एकरात ३०० डाळिंबाची झाडे आहेत, झाडाला १५ किलो माल निघाला आणि किलोला ८० रुपये मिळाले. माल झाला ४,५०० किलो आणि पैसे आले ३ लाख ६० हजार. ऐकायला गोड. पण पावसाच्या वर्षी निम्माच माल विकण्याजोगा राहिला आणि भाव ५० रुपयांवर आला, तर त्याच एकरात १ लाख साडेबारा हजार येतात. खत, औषध, मजुरी मात्र तेवढीच लागते, उलट फवारण्या वाढतात. म्हणून “चांगल्या वर्षी किती?” याच्याखाली “वाईट वर्षी किती?” हेही लिहा.

सातवी ओळ संकटाची. “यात तुमचे सर्वांत जास्त नुकसान कधी झाले?” हा प्रश्न जरूर विचारा. यशाची गोष्ट व्यासपीठावरून ऐकायला मिळते. नुकसानीची गोष्ट चहा पिताना, बांधावर बसून ऐकायला मिळते. प्रयोगशील शेतकरी ती मोकळेपणाने सांगतात. मेळाव्यातली खरी शिकवणी पुष्कळदा अशी मंडपाबाहेर होते, तेव्हा वही पिशवीत नको, हातात हवी.

सभेला जाताना

सभेला रिकाम्या मनाने जाऊ नका. आदल्या रात्री घरात बसून दोन प्रश्न ठरवा. “ज्वारीवर माहिती द्या” हा प्रश्न नव्हे. “माझी जमीन दीड फूट खोल, खाली मुरूम, पाणी नाही, कोणती ज्वारी पेरू?” हा प्रश्न झाला. त्याचे उत्तर नेमके मिळते. रब्बी ज्वारीत हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१, भारी जमिनीला फुले वसुधा, अशी विद्यापीठाची शिफारस जमिनीच्या खोलीप्रमाणेच केलेली आहे. नुसते “वसुधा चांगली” एवढेच लक्षात ठेवून कोणी ती मुरमाड रानात पेरली, तर दोष वाणाचा नाही.

आणि सभेला कोणी जायचे? आपल्याकडे दुधाच्या जनावरांचा मेळावा असला तरी घरातला पुरुष जातो आणि धार काढणारी, वैरण टाकणारी, वासरू सांभाळणारी बाई घरी राहते. जी ते काम करते तिलाच पाठवा. एका बचत गटातल्या भगिनीने मुरघासाची माहिती एका मेळाव्यात ऐकून वहीत चारच गोष्टी लिहिल्या होत्या. मका दाणे चिकात असताना कापायचा, कुट्टी बारीक करायची, दाबून हवा काढायची, पंचेचाळीस दिवस उघडायचे नाही. घरी आल्यावर तिने खड्डा खणला नाही, आधी एकच पिशवी भरून पाहिली. ती जमली, मग पुढच्या वर्षी वाढवले. शिक्षण तिचे सातवी. पण ऐकलेले करून पाहायची रीत मात्र पदवीधराला शोभेल अशी.

प्रवासाला जाताना

अभ्यास सहलीत डोळ्याला जे दिसते ते फळ असते. जे दिसत नाही ते लिहायचे असते. हिवरे बाजारला आपल्याकडची पुष्कळ मंडळी जाऊन आली. कमानीपाशी फोटो निघतात, झाडी पाहून होते. पण १९८९ नंतर पोपटराव पवार आणि गावकऱ्यांनी तिथे जे केले त्याचे मर्म हिशोबात आहे. गावात पाऊस मोजतात, विहिरींचे पाणी पाहतात आणि त्यावरून यंदा कोणते पीक घ्यायचे ते ठरते. जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना गावाने आवर घातला, शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी केली. आपल्या जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. तेव्हा तिथली झाडी पाहून आलेल्याने पाण्याचा ताळेबंद कसा मांडतात ते लिहून आणले, तर सहलीचे भाडे वसूल झाले म्हणावे.

प्रवासातून काय आणावे तसे काय आणू नये हेही सांगितले पाहिजे. बाग आवडली की चार काड्या मागून पिशवीत टाकायची किंवा ओळखीने स्वस्तात गुट्या आणायच्या, ही सवय घातक आहे. डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूंचा रोग. देशात त्याची पहिली नोंद १९५२ साली दिल्लीकडे झाली आणि पुढे आपल्या महाराष्ट्रातल्या बागांचे त्याने किती नुकसान केले ते तुम्हाला सांगायला नको. पानावर, फळावर तेलकट काळपट डाग पडतात, फळ तडकते, बाजारात त्याला कोणी विचारत नाही. हा रोग रोगट रोपांतून, छाटणीच्या कात्रीतून आणि पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून पसरतो. वरून निरोगी दिसणाऱ्या काडीतूनही तो घरी येऊ शकतो. म्हणून सहलीतून काडी आणू नका, माहिती आणा. रोपे घ्यायची तर खात्रीच्या, परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्या आणि पावती वहीला चिकटवून ठेवा. दुसऱ्याच्या बागेत वापरलेली कात्री निर्जंतुक केल्याशिवाय आपल्या झाडाला लावू नका.

वाचताना

वाचन हा घरबसल्या प्रवास आहे. पण त्यातही खाचखळगे आहेत. सर्वांत मोठा खड्डा हेक्टर आणि एकराचा. एक हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. शिफारशी हेक्टरी छापतात आणि आपण एकरी वाचतो. समजा, घडीपत्रिकेत मध्यम जमिनीतल्या कोरडवाहू ज्वारीला हेक्टरी ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद लिहिले आहे. ४० किलो नत्रासाठी युरिया लागतो ८७ किलो, तो हेक्टरी. एकराला होतात ३५ किलो. २० किलो स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट लागते हेक्टरी १२५ किलो, एकराला ५० किलो, म्हणजे एक पोते. जो ८७ चा आकडा एकराला धरतो तो अडीचपट युरिया टाकतो. पैसे जातात, पीक लुसलुशीत होते, किडीला आमंत्रण मिळते. आणि ४० किलो नत्र म्हणजे ४० किलो युरिया नव्हे, हेही ध्यानात ठेवा. युरियात शंभर किलोला ४६ किलोच नत्र असते.

म्हणून वाचताना पेन्सिल हातात घ्या. हेक्टरी आकड्यापुढे एकरी आकडा लिहा. लेख कोणत्या जिल्ह्यातला, कोणत्या साली छापलेला ते पाहा. कीडनाशकाची जुनी शिफारस आज चालेलच असे नाही. काही औषधांवर नंतर बंदी आली आहे, तेव्हा जुन्या कात्रणावरून औषध आणू नका. मोबाईलवर आलेल्या सल्ल्याखाली सांगणाऱ्याचे नाव, गाव, संस्था नसेल तर तो वहीत उतरवू नका. मोबाईलमधले फोटो कामाचे असतात, फलकाचा फोटो जरूर काढा, पण घरी येऊन त्याच रात्री त्यातले मुख्य वहीत लिहा. नाहीतर लग्नाच्या आणि बारशाच्या फोटोंत तो कुठे जातो ते सापडत नाही.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी संकोच करू नये. घरातली शाळेत जाणारी मुले कशासाठी आहेत? आजोबांनी सांगावे, नातीने लिहावे. आठवड्यातून एकदा, जेवणे झाल्यावर, तिने अर्धा तास मोठ्याने वाचून दाखवावे. शेतात काय चालले आहे ते मुलांना कळते, त्यांचे लेखन सुधारते आणि घरधनिणीला आपला प्रश्न विचारायची जागा मिळते.

दोन गुंठ्यांची परीक्षा

वहीतली गोष्ट लगेच सगळ्या रानात करू नका. वहीचे उजवे पान ऐकलेल्यासाठी आणि डावे पान करून पाहिलेल्यासाठी ठेवा. नवा वाण, नवे अंतर, नवे खत काहीही असो, आधी दोन गुंठ्यांत करा. शेजारीच तेवढाच पट्टा आपल्या नेहमीच्या पद्धतीने ठेवा. दोन्ही पट्ट्यांची जमीन सारखी हवी. एक विहिरीजवळ आणि दुसरा बांधाच्या कडेला, असे करू नका. काढणीला दोन्हींचा माल वेगळा झोडा आणि वेगळा तोला. दोन गुंठ्यांत ४० किलो ज्वारी निघाली तर एकराला, म्हणजे चाळीस गुंठ्यांना, ८०० किलो, आठ क्विंटल. कडबाही मोजा, कारण आपल्याकडे कडब्यावर जनावरे जगतात. आणि एका वर्षावर निकाल देऊ नका. एक वर्ष पावसाचे, एक अवर्षणाचे, असे दोन-तीन हंगाम पाहा.

काही म्हणतील, एवढा सावध राहिला तर शेतकरी मागे पडेल. तसे होत नाही. दोन गुंठे बिघडले तर घर बिघडत नाही, तीन एकर बिघडले तर बिघडते. आणि बाग लावण्यासारखी गोष्ट दोन गुंठ्यांत कळत नसेल तर जमिनीचा खड्डा, माती परीक्षण, पाण्याचा हिशोब आणि आपल्यासारख्याच जमिनीतल्या दोन बागांची वाईट वर्षांची हकीकत, एवढे तरी आधी डाव्या पानावर यावे.

पहिले पान आजच लिहा

या वहीचे पहिले पान लिहायला मेळाव्याची वाट पाहायची गरज नाही. उद्या सकाळी पहार आणि फावडे घेऊन आपल्या रानात तीन ठिकाणी खड्डा घ्या. वरच्या बाजूला एक, मध्ये एक, खालच्या बाजूला एक. माती किती खोल आहे आणि मुरूम कुठे लागतो ते टेपने मोजा. तिन्ही आकडे पहिल्या पानावर लिहा. त्याखाली विहिरीची किंवा बोअरची पाणीपातळी पावसाळा संपल्यावरची, संक्रांतीची आणि पाडव्याची, अशी तीन वेळा लिहायला जागा ठेवा. माती परीक्षणाचा अहवाल असेल तर तोही तिथेच चिकटवा.

पुढे कोणी कितीही मोठा आकडा सांगितला, कितीही सुंदर बाग दाखवली, की आधी हे पहिले पान उघडायचे आणि त्याची जमीन, त्याचे पाणी आपल्या पानाशी ताडून पाहायचे. जुळले तर दोन गुंठे करून पाहायचे. न जुळले तर त्या गृहस्थाला नमस्कार करून, चहा पिऊन, आनंदाने घरी यायचे. आणि घरधनिणीने प्रश्न विचारला, तर वही तिच्याच हातात द्यायची.